मागची रांग, डावी बाजू

वॉटरपार्कला जाऊन आलेल्या माणसाला लोक एकच विचारतात, मजा आली का, किती भिजलात. आमच्या सोसायटीत मला हे चौघांनी विचारलं, आणि चौघांनाही मी खरं उत्तर दिलं, की आम्ही भिजायला गेलोच नव्हतो. निदान सुरुवातीला तरी नाही. पाण्याच्या बोटीत बसायचं, उंचावरून खाली यायचं आणि कोरडं उतरायचं, एवढ्यासाठी आम्ही दोन दिवस घालवले. ऐकणारा हसतो आणि लिफ्टचं बटण दाबतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ठाकुर्ली

माझी नात मनू दहा वर्षांची आहे. जन्मतः तिला ऐकू येत नव्हतं. तीन वर्षांची असताना ऑपरेशन झालं, आणि आता कानामागे एक मशीन आणि केसांत लोहचुंबकाने चिकटणारी एक गोल चकती लावली, की तिला ऐकू येतं. चकती काढली की काहीच येत नाही. दार आपटलं तरी नाही. अंघोळीला जाताना ती मशीन काढून टेबलावरच्या डबीत ठेवते आणि मला हाताने खूण करते, म्हणजे तेवढा वेळ मी तिच्याशी पाठमोरा बोलू नये.

या मशीनला पाणी चालत नाही. पाण्यात वापरायचं कव्हर मिळतं, ते आम्ही मागवलेलंही, पण ते येईना. आणि मनूला उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत मुरबाड रोडवरच्या वॉटरपार्कला जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं. तिथल्या मोठ्या बोटीत मशीन लावून बसायचं होतं.

मी वागळे इस्टेटमध्ये एका रबराच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. पंपांची, टाक्यांची, नळांची सीलं बनवायचो. तेव्हा साहजिकच मला वाटलं, हे आपलं काम. पातळ रबराची एक टोपी कापली, मशीनच्या मापाचा लाकडी तुकडा केला, त्याला कापूस गुंडाळला आणि बादलीत बुडवला. दहा मिनिटांनी कापूस कोरडा. मनूने टाळ्या वाजवल्या. मग मी तोच तुकडा स्टुलावर उभा राहून बादलीत टाकला, कारण बोट काही पाण्यात हळूच ठेवत नाहीत. कापूस ओला निघाला. चार वेळा केलं, चारही वेळा ओला. सील शांत पाण्यात टिकणं आणि आपटलेल्या पाण्यात टिकणं यात किती फरक आहे, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, तरी मी खट्टू झालो.

माझी मुलगी वर्षा, म्हणजे मनूची आई, हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. जावई मस्कतला असतात, त्यामुळे घरातला शेवटचा शब्द तिचाच. मागल्या वर्षी मशीनमध्ये ओल शिरून ते दुरुस्तीला गेलं, तेव्हा तीन आठवडे मनू घरात गप्प बसलेली. शाळेत जायला तयार नव्हती, जेवताना मान वर करत नव्हती.

"बाबा, ते तीन आठवडे मला परत नकोत," वर्षा म्हणाली. "तुम्ही दोघं ठरवा. पण मशीन ओलं झालं तर मी कुणालाच काही बोलणार नाही, एवढं लक्षात ठेवा."

तिचं न बोलणं काय असतं ते आम्हा दोघांनाही माहीत आहे. तिने डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारून घेतलं. बोटीला हरकत नाही, प्लॅस्टिकच्या घसरगुंड्यांवर घर्षणाने वीज तयार होते म्हणून तिथे मशीन काढूनच जायचं, आणि पाण्याचा थेंब नको, असं उत्तर आलं. शनिवारी वर्षाला ऑफिस होतं, रविवारीही कुठलं तरी ट्रेनिंग. आम्ही दोघंच निघालो.

मोहने, शनिवार

शनिवारी मुक्काम मोहन्याला, आक्काकडे. आक्का माझी मोठी बहीण, एकाहत्तर वर्षांची. तिचे यजमान तिथल्या रेयॉनच्या कंपनीत होते. कंपनी बंद पडली, यजमान गेले, आक्का तिथेच राहिली. ठाकुर्लीहून मोहने जेमतेम तासाभराचं, पण रिक्षा कंपनीच्या जुन्या कॉलनीच्या बाजूने वळली की वेगळ्या गावी आल्यासारखं वाटतं. आमच्याकडे समोरच्या इमारतीतली बाई भाजीला फोडणी कसली देते ते गॅलरीतून दिसतं. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी झाडं, मोकळ्या बैठ्या इमारती, आणि संध्याकाळी पाच वाजता इतकी शांतता, की रिक्षा थांबल्यावर मनूने मशीन चालू आहे ना म्हणून बोट लावून बघितलं.

आक्काने तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी आणि कैरीची आमटी केलेली. आमचं मूळ गाव संगमेश्वरकडचं. घरी वर्षाला सुकटाचा वास चालत नाही, त्यामुळे मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. वॉटरपार्क म्हणजे काय ते आक्काला मनूने समजावून सांगितलं. गावाला विहिरीवर पोरं उड्या मारायची, त्याचे पैसे घेतात आता, एवढंच आक्का म्हणाली, आणि मग भाकरी थापता थापता तिने जाहीर केलं, की तीही येणार.

जेवणं लवकर आटपली. उजेड होता अजून. मी आणि मनू पुढच्या पायरीवर बसलेलो. मी तिला म्हटलं, की मशीन काढून बोटीत बसलीस तर काही काळजीच नाही, मशीनवाली सगळी मुलं तसंच करतात, मग एवढा हट्ट का. ती बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिली.

मग तिने सांगितलं. गेल्या वर्षीच्या सहलीला शाळेने त्यांना असल्याच एका पार्कला नेलेलं. तेव्हा ती मशीन काढून बसलेली. खाली आल्यावर वर्गातल्या एका मुलीने तिची नक्कल केली. मनू पडताना विचित्र आवाज काढते, असं ती सगळ्यांना दाखवत होती. तोंड कसं तरी वाकडं करून. मनूला त्यातला आवाज काही आला नाही, मशीन बाईंच्या पर्समध्ये होतं. फक्त सगळ्यांचे हसणारे चेहरे दिसले.

"मी कशी ओरडते ते मला माहीतच नाही, आबा," ती म्हणाली. "मला ऐकायचंय."

मी तिला म्हटलं, इथे ओरडून बघ की. ती म्हणाली, असं मुद्दाम नाही येत. तेही खरंच. हे आईला का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर म्हणाली, आई शाळेत जाईल भांडायला. आत आक्का भांडी घासत होती, आणि माझ्या लक्षात आलं, की उद्या काहीतरी करून जमवायलाच हवं.

गेटबाहेर

सकाळी शहाडवरून मुरबाड रोडला लागलो. उल्हास नदी मधूनमधून डाव्या हाताला दिसते, पलीकडे वीटभट्ट्या आणि नव्या टॉवरांच्या जाहिराती. नऊला गेटवर पोचलो आणि पहिली फजिती झाली. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. आक्काने पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी आणि दहीबुत्ती केलेली. डबे परत जाताना मिळतील असं गेटवरचा माणूस म्हणाला, तर आक्काने त्याला विचारलं, की संध्याकाळपर्यंत दहीबुत्तीचं काय होईल ते तुला ठाऊक आहे का. त्याला ठाऊक नव्हतं.

मग आम्ही कंपाउंडच्या कडेला सावलीत बसून सकाळी सव्वानऊला दुपारचं जेवण जेवलो. आम्ही एकटेच नव्हतो. भिवंडीचं एक मोठं कुटुंब तिथेच बिर्याणीचं पातेलं उघडून बसलेलं, त्यांचीही तीच गत. आमच्या पुऱ्या तिकडे गेल्या, तिकडची बिर्याणी मनूकडे आली. आक्का शाकाहारी नाही, पण चतुर्थी होती, तिने नुसता वास घेतला आणि चांगली झालीय म्हणून सांगितलं.

दुसरी फजिती आक्काचीच. साडी नेसून कुठल्याही राइडवर बसता येत नाही, कारण पदर अडकतो. तिथे भाड्याने नायलॉनचे कपडे मिळतात, गुडघ्याखाली येणारी विजार आणि टी-शर्ट. मला वाटलं आक्का आता बाकावर बसून राहील. ती बायकांच्या खोलीत गेली आणि दहा मिनिटांनी निळ्या टी-शर्टमध्ये बाहेर आली, साडी घडी करून पिशवीत. चेहरा अगदी शांत होता. पण दर दोन मिनिटांनी तिचा उजवा हात खांद्याकडे जायचा, पदर ओढून घ्यायला, आणि तिथे काही नाही म्हटल्यावर तसाच खाली यायचा. मनूने ते बघितलं आणि तिचा तो हात धरून ठेवला.

बाकडं

मोठी बोट पार्कच्या मागच्या अंगाला आहे. पाच रांगा, प्रत्येकीत दोन माणसं. साखळी बोटीला चढावरून वर नेते, वर एक वळण, मग सरळ खाली पाण्यात. मी रबरवाला, डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नाही. आम्ही समोरच्या बाकड्यावर बसलो आणि बोटी मोजायला लागलो. मनूकडे वही होती. तिने दहा चौकोन आखले, आणि बोट थांबली की उतरणाऱ्या प्रत्येकाकडे बघून खुणा करायची. चिंब, अर्धा, थोडा, कोरडा.

तासाभरात आमच्या लक्षात आलं, की आपल्याला वाटतं तसं नसतं. पहिल्या रांगेची माणसं सगळ्यांत जास्त भिजतील अशी माझी खात्री होती. ती भिजतात, पण गुडघ्यापर्यंत. बोट आपटली की पाण्याची भिंत उठते, ती पहिल्या रांगेच्या डोक्यावरून जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या रांगेवर कोसळते. शेवटची रांग त्यातून सुटते. पण पुढे वळणावर उजवीकडून एक खोटा धबधबा पडतो आणि पुलाखाली फवारे उडतात, तिथे उजव्या बाजूची माणसं सापडतात. वहीत जेवढे 'कोरडा' होते ते सगळे एकाच चौकोनात होते. मागची रांग, डावी बाजू. आणि तिथेही तीन वेळा 'थोडा' लिहिलेलं होतं.

तो 'थोडा' मला नको होता.

बोटीत माणसं बसवायला एक बाई होत्या, चाळिशीच्या, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. नाव भारती. पार्कच्या मागच्याच गावातल्या. त्या आम्हाला मघापासून बघत असाव्यात. एक बोट सोडून त्या आमच्याकडे आल्या आणि मनूला विचारलं, "काय गो बाय, कवाची लिवत बसलेस, बोटीत का नाय बसत?"

मी त्यांना सगळं सांगितलं. मनूने केस बाजूला करून मशीन दाखवलं. पायरीवरची गोष्ट मी सांगितली नाही, ती माझी नव्हती. भारतीबाईंनी मशीन जवळून पाहिलं, हात लावला नाही.

"सगली इचारतान जास्त कुठं भिजू," त्या म्हणाल्या. "कोरडं कुठं ऱ्हावू इचारणारी तुमी पयलीच."

मग त्यांनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या, ज्या तासभर बघूनही आम्हाला कळल्या नव्हत्या. पुढे वजनदार माणसं बसली की बोट नाक खुपसते आणि पाणी दुप्पट उडतं. आणि दोन वाजता सगळी जेवायला जातात, तेव्हा बोट जवळजवळ रिकामी जाते. दोन वाजता या, त्या म्हणाल्या, पुढे कुणाला बसवत नाही, आणि तेवढ्या फेरीपुरते पुलाखालचे फवारे बंद ठेवते. धबधबा त्यांच्या हातात नव्हता.

दोन वाजता

बसायचं कसं ते आम्ही ठरवून टाकलेलं. शेवटच्या रांगेत डावीकडे मनू, तिच्या शेजारी आक्का, आणि मनूच्या बरोबर पुढे मी, रेनकोट घालून, भिंतीसारखा. मनूने डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी घालावी असं मी सुचवलं. तिने नकार दिला, टोपीत सगळं पिशवीतून आल्यासारखं ऐकू येतं म्हणून. मग आक्का म्हणाली, बोट खाली पोचली की मी मशीनवर हाताचा पंजा धरीन. पोरीला आंघोळ घालताना कानात पाणी जाऊ नये म्हणून धरतात तसा. हे आम्हाला सगळ्यांना पटलं.

भारतीबाईंनी मांड्यांवरचा लोखंडी दांडा खाली करून पक्का लावला. शिट्टी वाजली.

चढाला साखळी कटकट करत होती आणि मागून मनू मला एकेक सांगत होती. साखळी ऐकू येतेय. खाली कुणाची तरी आई हाक मारतेय. गाणं लागलंय. आक्काआजी देवाचं म्हणतेय. खरंच आक्का रामरक्षा पुटपुटत होती, तीही मधूनच. वर पोचल्यावर बोट क्षणभर थांबल्यासारखी झाली. तिथून मलंगगडापर्यंत सगळं दिसतं असं मला सांगायचं होतं. तेवढा वेळ मिळाला नाही.

पडताना काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. पोट वर राहिलं आणि आम्ही खाली गेलो. पाणी उठलं, अर्धं बाजूला गेलं, अर्धं माझ्या छातीवर आलं. रेनकोटाची गुंडी तुटली. मग धबधब्याचा गारवा उजवीकडून गेला आणि बोट हेलकावे खात संथ झाली.

मी मागे वळून पाहिलं. आक्काचे दोन्ही हात दांड्यावर होते, बोटं पांढरी पडलेली. मशीनवर हात धरायचं ती पार विसरली होती. मनूच्या गालावर तीन-चार थेंब होते. ती समोर बघत होती, तोंड अर्धं उघडं, माझ्याकडे लक्षच नाही.

मी हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही.

परत मारली. तेव्हाही नाही. तीन आठवडे, वर्षाचं न बोलणं, सगळं डोळ्यांसमोर आलं. आक्काला कळलं, तिने आपला हात मनूच्या खांद्यावर ठेवला.

मनूने आक्काकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आबा," ती म्हणाली, "तू बकरीसारखा ओरडलास."

मला आधी वाक्य कळलंच नाही. फक्त एवढं कळलं, की तिने ऐकलं होतं. ती पुढे बोलत राहिली. आक्काआजी आधी ओरडली, मग तू, आणि आक्काआजीचा आवाज दार करकरतं तसा होता, आणि तो थांबेचना. ती मघाशी गप्प होती ती सगळं डोक्यात परत ऐकत होती, विसरायच्या आत.

मी तिला विचारलं, "आणि तुझा?"

"माझा पण वाईटच," ती म्हणाली. "पण तुमच्यासारखाच."

आक्का हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले, टी-शर्टच्या बाहीने, कारण पदर नव्हता. बोट फलाटाला लागली. भारतीबाईंनी दांडा उचलण्याआधी मनूच्या कानामागे वाकून बघितलं आणि मान हलवली. कोरडं होतं. माझा शर्ट पुढून पूर्ण ओला आणि पाठीला कोरडा ठक्क. मनूने वही काढली आणि माझ्या चौकोनात 'अर्धा' लिहिलं.

पुढचं मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलेलं आता काम झालं, उसाचा रस पिऊन घरी जाऊ. पण मनूने स्वतःच मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी आक्काच्या हातात दिली आणि लाटांच्या तळ्याकडे धावली. भोंगा वाजून लाटा सुरू झाल्या, तशी ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मोठमोठ्याने ओरडायला लागली. अगदी पोटातून. आसपासच्या दोन-तीन बायकांनी वळून पाहिलं. सकाळचं भिवंडीचं कुटुंबही तिथे होतं, त्यांची पोरं तिच्यासारखंच ओरडायला लागली. तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, पण त्यांची तोंडं दिसत होती, आणि ती हसत होती.

मी काठावर उभा राहून बघत होतो. आक्का म्हणाली, "दिगू, असा उभा काय राहिलास, अर्धा भिजलायसच, जा की." ती डबी दोन्ही हातांत धरून बाकावर बसली, आणि मी पाण्यात गेलो.

परत

आक्काला मोहन्याला सोडून घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दार उघडल्यावर वर्षाने आधी मनूच्या कानाकडे पाहिलं. मशीन काढून पुसलं, बॅटरी बघितली, परत लावलं, काही तरी बोलून बघितलं. मग माझ्या ओल्या पिशवीकडे पाहिलं आणि चहा ठेवला.

चहा पिता पिता मनूने आईला आपणहून सांगितलं. सहलीचं, त्या मुलीचं, नक्कलेचं, सगळं. मी उठून गॅलरीत जायला निघालो, तर मनू म्हणाली, तूही बस. वर्षा ऐकत होती. तिचा चेहरा बदलत गेला. ती शाळेत जायचं काही बोलली नाही. एवढं वर्षभर मला का नाही सांगितलंस, एवढंच तिने विचारलं, आणि तेही फार हळू.

मनूने कप खाली ठेवला. मग तिने आईला आबा कसे ओरडले ते करून दाखवलं. मग आक्काआजी. वर्षा इतकी हसली की चहा सांडला.

"आणि तू?" वर्षाने विचारलं.

मनू म्हणाली, मुद्दाम नाही येत. पण तिने प्रयत्न केला. पहिल्यांदा अर्धवट आला, दुसऱ्यांदा जरा बरा. तिसऱ्यांदा वर्षाने खुर्ची मागे सारली, तिचे दोन्ही हात धरले आणि तिच्याबरोबर ओरडली. शेजारच्या जोशीकाकू दार वाजवायला आल्या, काय झालं म्हणून. मी दार उघडून त्यांना सांगितलं, की काही नाही, या दोघी पाण्यात पडतायत.